हायब्रिड कॅनाबिसचे 'गुणधर्म': हा ६०-४० आकडा येतो तरी कुठून?

पानगळ
संकरित पिकांबद्दल वाचता वाचता गाडी भलत्याच रुळावर गेली आणि कॅनाबिसच्या, म्हणजे गांजा-भांगेच्या झाडाच्या, हायब्रिड जातींपाशी येऊन थांबली. व्हाइट विडो नावाची एक गाजलेली जात आहे, १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये पुढे आलेली. तिची वर्णनं चार ठिकाणी वाचली. (इंडिका आणि सॅटिव्हा हे या झाडाचे बाजारात मानले जाणारे दोन प्रकार.) एकीकडे '६० टक्के इंडिका, ४० टक्के सॅटिव्हा', दुसरीकडे बरोब्बर उलटं, उरलेल्या दोन ठिकाणी ५०-५०. पुढचा मजकूर मात्र सगळीकडे तोच: सॅटिव्हामुळे डोकं तरतरीत, इंडिकामुळे अंग सैल, आणि हायब्रिड असल्यामुळे दोन्हींचा छान समतोल.

आता हा टक्का मोजतं कोण आणि कसा? आईबापांचे गुण असे वाट्यांत वाटून येतात का? आणि झाड हायब्रिड आहे एवढं कळल्यावर त्याच्याबद्दल खात्रीने काय सांगता येतं? मला ओढण्यात रस नाही, झाडात आहे. तेव्हा उपदेश बेताने करावा ही विनंती.

चकमक
शीर्षक बघून धावत आलो, मजकूर बघून खाली बसलो. पहिल्या रांगेत जागा धरून ठेवतोय.

खडूस
हेच बाकी राहिलं होतं. पुढचा धागा अफूवर का?

पानगळ
@खडूस, अफूच्या बोंडातलं रसायनशास्त्र तर याहून भारी आहे. तुम्ही काढा धागा, मी येते.

संपादक
विषय वनस्पतिशास्त्राचा आहे म्हणून धागा राहू देतोय. कुठे मिळेल, कसं लावायचं, किती घ्यायचं असले प्रतिसाद विनासूचना उडतील. आपापल्या देशातला कायदा ज्याचा त्याने बघावा.

बीजगुणन
पानगळताई, पीकपैदाशीत हयात गेली म्हणून लिहितो. आमच्याकडे हायब्रिड म्हणजे नेमकी गोष्ट असते. मक्याचंच घ्या. एक वाण पिढ्यानपिढ्या स्वपरागण करून शुद्ध करायचा, दुसराही तसाच, मग दोघांचा संकर. जी पहिली पिढी येते ती एफ-१. सगळी रोपं जवळपास सारखी, एका उंचीची, एका वेळी फुलणारी. म्हणून तर शेतकरी दरवर्षी नवं बियाणं घेतो.

कॅनाबिसच्या बाजारात 'हायब्रिड' शब्द या अर्थाने क्वचितच वापरतात. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी, परागण वाऱ्यावर. म्हणजे स्वपरागणाने वाण शुद्ध करण्याचा सरळ रस्ताच बंद. त्यात पन्नासएक वर्षं हे काम लपूनछपून चाललं. संकराचा संकर, त्याचा पुन्हा तिसऱ्याशी संकर. अशा आईबापांचं बी पेरलं की एकाच पाकिटातली भावंडं उंचीला वेगळी, वासाला वेगळी, फुलायला पुढेमागे. लागवड करणारे लोक या भावंडांना 'फिनो' म्हणतात. त्यातलं मनासारखं एक निवडतात आणि पुढे त्याच्या फांद्यांची कलमं, म्हणजे क्लोन, करत राहतात. त्यामुळे 'व्हाइट विडो' हे नाव कधी एका झाडाच्या क्लोनचं असतं, तर कधी बियांच्या अख्ख्या गोतावळ्याचं. या दोन्हींचे गुणधर्म एका ओळीत सांगणारा माणूस मला तरी भेटायचाय.

६०-४० चं उत्तर सोपं आहे. मोजत कोणीच नाही. वंशावळ धरून केलेली ती बेरीज-भागाकार असते. आई इतकी, बाप इतका, निम्मं निम्मं. आईबापांचे आकडेही तसेच ऐकीव.

तिरकस
थोडक्यात, टक्केवारी ही भावना आहे.

पानगळ
वंशावळ तर सगळीकडे एकच दिली आहे: ब्राझीलमधली सॅटिव्हा आणि दक्षिण भारतातली, बहुतेक ठिकाणी केरळ लिहिलंय, इंडिका. निदान तेवढं तरी खरं ना?

वनस्पतीवेडा
'सांगितलं जातं' एवढंच म्हणा. व्हाइट विडोचा जनक कोण यावरच दोनतीन दावेदार आहेत. बेकायदेशीर कामाची नोंदवही कोण ठेवणार? स्कंक नंबर वन ही १९७० च्या दशकातली कॅलिफोर्नियाची जात. अफगाणी, मेक्सिकोची अकापुल्को गोल्ड आणि कोलंबियन यांचा संकर अशी तिची ख्याती. तीही तोंडी परंपराच.

आता गंमत ऐका. लिनियसने १७५३ मध्ये कॅनाबिस सॅटिव्हा हे नाव दिलं ते युरोपातल्या धाग्याच्या हेम्पला. लामार्कने १७८५ मध्ये इंडिका वेगळी काढली ती भारतातून आलेल्या नमुन्यांवरून. भारतीय मैदानी झाड उंच, मोकळ्या फांद्यांचं, अरुंद पर्णिकांचं. बाजारात आज 'इंडिका' म्हटलं की जे बुटकं, दाट, रुंद पानांचं झाड डोळ्यांसमोर आणतात ते अफगाणिस्तान-हिंदुकुश पट्ट्यातलं. लामार्कची इंडिका आजच्या बाजारात ठेवली तर लोक तिला बिनदिक्कत 'सॅटिव्हा' म्हणतील. आणि केरळचं पारंपरिक झाड या बाजारू अर्थाने इंडिका कसं, हे वर्णन लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं.

स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये सगळं एकाच प्रजातीत घातलं आणि उपप्रजातींची सीमा ०.३ टक्के टीएचसीवर, म्हणजे झिंग आणणाऱ्या रसायनावर, आखली. ती सोयीची रेघ होती. पुढे अमेरिकेने २०१८ च्या कायद्यात तीच हेम्पची व्याख्या म्हणून उचलली.

रात्रपाळी
मी जिथे राहतो तिथे हे कायदेशीर आहे आणि मी अधूनमधून वापरतो. तुमचं शास्त्र मान्य, पण इंडिका लिहिलेल्याने झोप येते आणि सॅटिव्हा लिहिलेल्याने येत नाही हा माझा स्वतःचा अनुभव आहे. माझ्या ओळखीतल्या सगळ्यांचाही. सगळेच खुळे का?

तिरकस
@रात्रपाळी, वरचं लेबल वाचून ओढता की ओढून मग लेबल वाचता?

प्रयोगशाळा
तिरकसरावांनी नेमकं बोट ठेवलंय, पण रात्रपाळींचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका.

२०१५ मध्ये सॉलर आणि सहकाऱ्यांनी ८१ गांजाच्या आणि ४३ हेम्पच्या नमुन्यांचा डीएनए तपासला. सांगितलेली इंडिका-सॅटिव्हा टक्केवारी आणि प्रत्यक्ष जनुकं यांचा मेळ मध्यमच बसला. 'जमैकन लॅम्ब्स ब्रेड' ही म्हणे शंभर टक्के सॅटिव्हा. तिचा नमुना अफगाणिस्तानच्या शंभर टक्के इंडिका नमुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. एकाच नावाचे नमुने १७ ठिकाणी ताडून पाहिले, तर त्यातल्या ६ ठिकाणी नमुना स्वतःच्या नामबंधूपेक्षा दुसऱ्याच नावाच्या झाडाच्या जास्त जवळ निघाला.

दुसरी बाजू अशी. २०२१ मध्ये वॉट्स यांच्या गटाने पाहिलं की लेबलचा संबंध एकूण जनुकांशी फारसा नाही, मोजक्या टर्पीनांशी, म्हणजे वास देणाऱ्या रसायनांशी, मात्र आहे. मिरसीन, ग्वायॉल, युडेस्मॉल जास्त असलेल्या झाडांना लोक इंडिका म्हणतात. फार्नेसीन, बर्गामोटीनवाल्यांना सॅटिव्हा. म्हणजे लेबल लावणारा बहुधा नाकाने लावतो. मातकट वास आला की इंडिका, गोडसर फुलांचा आला की सॅटिव्हा. रात्रपाळींच्या हातात आलेल्या दोन पुड्यांत रासायनिक फरक असूही शकतो. तो वंशामुळे आहे हे मात्र सिद्ध होत नाही. आणि त्या टर्पीनांमुळेच झोप येते, हेही.

रात्रपाळी
हे पटण्यासारखं आहे. तरी झोप येते ती येतेच.

कुंदा
माझ्यासारख्या अडाणी माणसासाठी सांगा ना कोणीतरी. टीएचसी, सीबीडी हे झाडात असतं कुठे? आणि या व्हाइट विडोला व्हाइट का म्हणतात?

वनस्पतीवेडा
कुंदाताई, दोन्हींचं उत्तर एकच आहे: ट्रायकोम. मादी फुलावर आणि भोवतीच्या बारक्या पानांवर ग्रंथी असलेले केस असतात. साध्या डोळ्यांना नुसती भुकटी शिंपडल्यासारखी दिसते. भिंग लावलं की काचेच्या माथ्याच्या टाचण्या दाटीने खोचल्यागत उभ्या असतात. देठ पारदर्शक, वर गोल टपोरं डोकं. सगळा माल त्या डोक्यात. सुरुवातीला ते स्वच्छ असतं, मग दुधाळ होतं, आणखी जून झालं की अंबरी रंगावर जातं. काही डोकी फुटलेली, त्यांचा चिकट थेंब शेजारच्या देठावर ओघळलेला. बोटाला चिकटतं ते हेच. व्हाइट विडोत यांची इतकी दाटी की फूल पांढुरकं दिसतं, म्हणून ते नाव.

प्रयोगशाळा
त्यात भर घालतो. जिवंत झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच, असतं टीएचसीए हे आम्ल. सीबीडी या न चढणाऱ्या रसायनाचंही तसंच, सीबीडीए. दोघांची जननी सीबीजीए. एक एन्झाइम तिचं टीएचसीए करतं, दुसरं सीबीडीए. उष्णतेने कार्बन डायऑक्साइड निघून गेला की मग टीएचसी. रेणू तेवढा हलका होतो म्हणून हिशेबात ०.८७७ ने गुणतात. समजा अहवालात टीएचसीए २२ टक्के आणि टीएचसी ०.८ टक्के आहे. २२ गुणिले ०.८७७ म्हणजे १९.३, अधिक ०.८, एकूण २०.१. कोणी सरळ २२ आणि ०.८ ची बेरीज करून २२.८ सांगितली तर आकडा फुगलेला समजायचा.

व्हाइट विडोची वर्णनं साधारण १८ ते २५ टक्के सांगतात, सीबीडी एक टक्क्याच्या आत. पहिल्या आकड्यावर मी लगेच विश्वास ठेवणार नाही. २०२३ मध्ये कोलोरॅडोतले नमुने पुन्हा तपासले, तर सुमारे ७० टक्के नमुन्यांत टीएचसी लेबलपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी भरलं. मोठा आकडा खपतो, मग मोठा आकडा देणारी लॅब खपते.

चकमक
ग्राहक चढण्याआधी आकडाच चढलेला.

बीजगुणन
पानगळताईंच्या मूळ प्रश्नातला दुसरा भाग राहिलाच की. गुण वाटून येतात का? टीएचसी-सीबीडीचं प्रमाण या एका बाबतीत उत्तर फार सुरेख आहे. २००३ मध्ये डी मायर आणि मंडळींनी निव्वळ टीएचसीचं झाड आणि निव्वळ सीबीडीचं झाड यांचा संकर केला. एफ-१ सगळी मधली, दोन्ही रसायनं असलेली. ती आपसात वाढवली तर एफ-२ मध्ये एक वाटा टीएचसीची, दोन वाटे मधली, एक वाटा सीबीडीची. मेंडेलच्या वाटाण्यानंतर असं स्वच्छ १:२:१ बघून बरं वाटतं.

पण हा झाला प्रमाणाचा हिशेब. एकूण राळ किती, टर्पीन कोणते, उंची किती, फुलायला किती दिवस, यात अनेक जनुकांचा हात आणि वर हवामानाचा. ही सगळी एकमेकांना धरून चालत नाहीत. रुंद पान बापाचं आणि रसायन आईचं असं खुशाल होतं. म्हणून पान बघून परिणाम सांगणं म्हणजे नाक बघून रक्तगट सांगणं.

प्रयोगशाळा
एक दुरुस्ती, सर. डी मायर यांनी ही एकाच जनुकाची दोन रूपं मानली होती. पुढे जीनोम वाचल्यावर दिसलं की टीएचसीए आणि सीबीडीएची एन्झाइमं वेगवेगळ्या जनुकांची आहेत. ती अशा भागात शेजारी बसलीत जिथे अदलाबदल फारशी होत नाही. म्हणून वागतात जोडीने.

बीजगुणन
शेतावरून दिसतं ते १:२:१ च. बाकी तुमचं म्हणणं खरं.

खडूस
वाद घालायला आलो होतो आणि ०.८७७ वाचत बसलो. आमच्या शाळेत रसायनशास्त्र असं का नाही शिकवलं?

तिरकस
@खडूस, शिकवलं असतं तर मास्तर आत गेले असते.

डॉ_मनोहर
मी मनोविकार बघतो, म्हणून 'समतोल परिणाम' या शब्दावर थांबलो. संकर दोघांचा आहे म्हणून परिणाम सौम्य होईल, असं काही नसतं. आजच्या बाजारातल्या बहुसंख्य जाती, हायब्रिड असोत वा नसोत, टीएचसीच्या भारीच आहेत. व्हाइट विडोही त्यातलीच. सीबीडी एक टक्क्याच्या आत असताना कसला समतोल?

डी फॉर्टी यांचा २०१९ चा अभ्यास युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ केंद्रांवरचा. कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची (भास-भ्रम होणाऱ्या मनोविकाराची) शक्यता जवळपास पाचपट आढळली. यातून थेट कारण सिद्ध होत नाही, पण घरात कुणाला असा आजार असेल, वय कोवळं असेल, तर दुर्लक्ष करण्याजोगा आकडा नाही. आणि सीबीडी मिसळलं की टीएचसीचा त्रास कमी होतो या समजावरही सावध राहा. २०२२ मध्ये ४६ निरोगी माणसांवर १०, २० आणि ३० मिलिग्रॅम सीबीडी देऊन पाहिलं. टीएचसीमुळे येणारा संशय आणि विसर, दोन्ही कमी झाले नाहीत.

हा उपदेश नाही, पानगळ. वर्णनातल्या एका शब्दावरची हरकत आहे.

पानगळ
@डॉ_मनोहर, हरकत मंजूर. उलट हेच हवं होतं.

रात्रपाळी
डॉक्टर, मग त्या लिमोनीन नावाच्या टर्पीनाचं काय? त्याने घाबरल्यासारखं होणं कमी होतं असं वाचलंय.

डॉ_मनोहर
जॉन्स हॉपकिन्सचा २०२४ मधला प्रयोग. शुद्ध टीएचसीबरोबर शुद्ध लिमोनीन वाफेतून दिलं, माणसं २०. जास्त मात्रेत अस्वस्थता कमी झाली असं दिसलं. टर्पीनाच्या बाजूने माणसांवर झालेले असे नीट प्रयोग फार थोडे आहेत, म्हणून महत्त्वाचा. पण तिथे लिमोनीन मोजून वेगळं दिलं होतं, काही पुडक्यावर 'हायब्रिड' लिहून नाही.

कुंदा
वासाचा विषय निघालाच आहे तर, तो घाण उग्र वास पण टर्पीनांचाच ना? शेजारी एक महाशय होते, जिन्यात पाय ठेवला की कळायचं.

प्रयोगशाळा
सगळ्यांना तसंच वाटायचं. २०२१ मध्ये उलगडा झाला की तो खास स्कंकी भपकारा गंधकयुक्त रेणूंचा आहे. त्यात मुख्य ३-मिथिल-२-ब्यूटीन-१-थायॉल. इतकं कमी असतं की नेहमीच्या टर्पीन तपासणीत निसटतं, पण नाकाला पुरतं. उजेडात बिघडलेल्या बिअरला जो वास येतो त्यातही हाच रेणू.

वनस्पतीवेडा
अवांतर: बिअरमधला हॉप आणि कॅनाबिस एकाच कुळातले, कॅनाबेसी. हॉपमधला एक व्हायरॉइड (विषाणूहूनही साधा रोगकारक), हॉप लेटंट, कॅनाबिसमध्ये शिरलेला २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. झाड खुजं राहतं, ट्रायकोम कमी, टीएचसी घसरलेलं. मातृझाडात शिरला की प्रत्येक कलमातून पुढे जातो. म्हणजे जनुकं अगदी तीच आणि गुणधर्म मात्र गेले. क्लोन घेतला म्हणजे गुण जसेच्या तसे मिळाले, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

चकमक
आधी नाव खोटं, मग टक्का खोटा, मग आकडा फुगलेला, आता झाडही आजारी. पानगळताई, तुम्हाला दुसरं झाड नव्हतं का हो मिळालं?

पानगळ
मिळालं असतं, पण इतके प्रतिसाद आले नसते.

बरं, मुद्द्यावर येते. समजा व्हाइट विडोचं वर्णन मलाच लिहायचं आहे. ६०-४० काढून टाकलं. तरतरीत डोकं आणि सैल अंगही काढलं. मग उरलं काय?

बीजगुणन
बरंच उरलं. मध्यम उंची, दाट फांद्या. घरातल्या उजेडात फुलोरा आठ ते नऊ आठवड्यांचा, तोही दिवस लहान झाल्यावरच धरणारा. हे महत्त्वाचं, कारण रुडेरॅलिस या कॅनाबिसच्या तिसऱ्या प्रकाराचं रक्त असलेल्या 'ऑटो' जाती दिवसाच्या लांबीची वाट बघत नाहीत, वय झालं की फुलतात. फुलावर राळेचा दाट थर. आणि 'बियांपासून केल्यास भावंडांत फरक' हे ठळक अक्षरात.

प्रयोगशाळा
माझ्याकडून: रासायनिक प्रकार पहिला, म्हणजे टीएचसीप्रधान. हे इंडिका-सॅटिव्हापेक्षा कितीतरी कामाचं वर्गीकरण, १९७० च्या दशकापासून आहे. पहिला टीएचसीचा, दुसरा मिश्र, तिसरा सीबीडीचा. त्यापुढे पहिले तीन टर्पीन लिहा, पण कुठल्या खेपेचे ते सांगून. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास ९०,००० नमुन्यांचे आकडे चाळले तेव्हा इंडिका, सॅटिव्हा, हायब्रिड ही लेबलं रसायनाशी जुळली नाहीत. टर्पीनांचे मोठे गट तीनच दिसले: कॅरिओफिलीन-लिमोनीनचा, मिरसीन-पायनीनचा आणि टर्पिनोलीन-मिरसीनचा.

रात्रपाळी
तीनच? आणि दुकानात फळ्यावर दोनशे नावं.

तिरकस
नावं ठेवायला खर्च येत नाही.

पानगळ
आणि वंशावळीचं काय करू? ब्राझील आणि केरळ लिहू की नको?

वनस्पतीवेडा
लिहा, पुढे 'असा दावा' जोडा. ती जातीच्या इतिहासाची गोष्ट आहे, गुणधर्म नव्हे. १९९५ ची कॅनाबिस कप स्पर्धेतली बक्षिसी पण त्याच परिच्छेदात टाका.

खडूस
एक प्रामाणिक शंका. मक्यासारखं खरं एफ-१ कॅनाबिसमध्ये होतच नाही का? रस्ता बंद म्हणालात ना.

बीजगुणन
खडूसराव आले म्हणायचे वळणावर! सरळ रस्ता बंद म्हणालो. मादी झाडावर रसायनाने नर फुलं आणता येतात, त्यातून स्वपरागण शक्य आहे. तसं करत शुद्ध वाण तयार करून खरे एफ-१ आता येऊ लागलेत. शिवाय ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली झाडं. या झाडात गुणसूत्रं २०, ट्रिप्लॉइडमध्ये ३०, म्हणून वाऱ्यावर पराग आला तरी बी क्वचितच धरतं. तिथे 'हायब्रिड' शब्दाला पुन्हा आमचा जुना अर्थ येतो.

खडूस
म्हणजे बिनबियांच्या कलिंगडाचाच प्रकार?

बीजगुणन
तंत्र तेच. पण कलिंगडाच्या धाग्यावर तुम्ही फिरकला नसतात.